कृपेला तारण लागत नाही

‘देवाच्या कृपेने सगळे उत्तम चालले आहे,’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा ऐकतो! मुलगा परदेशी गेला, देवाची कृपा. मुलीचे चांगल्या घरात जमले, देवाची कृपा. जागा झाली, गाडी आली, बायपास सुखरूप पार पडली, सगळी त्याचीच कृपा. यात खोटे काही नाही. माणूस स्वतःच्या कर्तृत्वाचे सगळे श्रेय स्वतःच्या खिशात घालत नाही, हे चांगलेच आहे. पण एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. हा शब्द आपण वापरतो तो बहुतेक जमेच्या बाजूला. खर्चाची बाजू वाढू लागली, धंदा बसला, घरात आजारपण शिरले, की तेच तोंड म्हणते, ‘देवाने पाठ फिरवली.’ म्हणजे आपल्या रोजच्या हिशेबात कृपा ही शिलकी खात्यावरची नोंद आहे. खाते तुटीत गेले की तिचे नाव निघत नाही.

गंमत अशी, की ज्यांच्याकडून हा शब्द आपण उचलला, त्यांचे बहुतेकांचे खाते जन्मभर तुटीतच होते.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला काही शब्द चिकटून राहतात. तारण, जामीन, हमी, मुदत. कर्ज मागायला येणाऱ्या माणसाकडे आमचा धंदा याच शब्दांतून पाहतो. ज्याच्याकडे तारण आहे त्याला पैसे मिळतात. म्हणजे ज्याला गरज कमी, त्याला कर्ज लवकर. आणि ज्याच्याजवळ गहाण टाकायला काहीच उरले नाही, त्याला नमस्कार करून परत पाठवायचे. यात बँकेचा दुष्टपणा नाही. ठेवी लोकांच्या असतात, त्या उधळता येत नाहीत. पण देवाशी व्यवहार करतानाही आपण हीच पद्धत का वापरतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. नवस म्हणजे दुसरे काय? अमुक काम झाले तर तमुक देईन, मुदत इतकी, अटी अशा. आजारी लेकराच्या उशाशी बसून नवस बोलणाऱ्या आईला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही; तिच्या हातात तेवढेच असते. पण नवसाचा घाट कराराचा आहे, हे नाकारता येत नाही. करारात दोन्ही पक्षांकडे देण्यासारखे काहीतरी लागते. ज्याच्याकडे द्यायलाच काही उरलेले नाही, त्याने कोणता करार करायचा?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला एका दुकानदाराने दिले आहे.

देहूच्या मोऱ्यांचे घर खाऊनपिऊन सुखी होते. दुकान होते, शेती होती, सावकारी होती, गावात महाजनकी होती. थोरला भाऊ सावजी विरक्त निघाला, म्हणून दुकानाची गादी लहान वयातच मधल्या भावाच्या, तुकारामांच्या, वाट्याला आली. आईवडील गेले. पाठोपाठ १६३० ते १६३२ या वर्षांचा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांनी त्याच्याइतका भयंकर दुष्काळ क्वचितच पाहिला असेल. बादशहा शहाजहान त्या वेळी दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, भाकरीसाठी स्वतःला विकू पाहणारी माणसे आणि त्यांना न मिळणारी गिऱ्हाइके यांचे वर्णन करून ठेवले आहे. बादशहाने लंगर उघडले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. वीस सोमवारांत एक लाख झाले. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच काळात सुरतेहून आग्र्याला गेला आणि वाटेवरच्या प्रेतांची नोंद करीत गेला. देहूच्या घरात बादशहाचा सोमवार पोहोचला नाही. तुकारामांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. दुकानाचे दिवाळे निघाले, गावातली प्रतिष्ठा गेली. वय विशी-पंचविशीचे.

हे तुकारामांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे, आणि त्यात कुठेही रडगाणे नाही. एखाद्या चोख कारकुनाने नुकसानीची यादी करावी, तशी ती यादी आहे. पैसा गेला, मान गेला, बायको गेली, धंदा बुडाला. यानंतर त्यांनी काय केले? परंपरा सांगते, की घरातली कर्जखते त्यांनी बाहेर काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली.

कीर्तनात हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. पण कर्जखात्यावर काम केलेल्या माणसाला त्यात आणखी काही दिसते. दुष्काळानंतरच्या त्या वर्षात कर्जखत हीच सावकाराची उरलेली एकमेव मालमत्ता असते. धान्य संपलेले, रोकड संपलेली, राहिले ते येणे. आणि ते येणे कोणाकडून? जे स्वतः दुष्काळातून जेमतेम जगले, त्यांच्याकडून. तुकाराम तेव्हा स्वतः कफल्लक होते. तरीही कान्होबाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे त्यांना मंजूर नव्हते. बुडवले ते फक्त आपले. उदारपणाचा इतका स्वच्छ हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही. ज्याचे सर्वस्व गेले होते तो माणूस कृपा मागण्याच्या आधी कृपा करून मोकळा झाला होता.

येथे एक साधी गोष्ट सांगायला हवी, जी सामान्य माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. कर्ज कधीही हवेत विरून जात नाही. ते कोणीतरी अंगावर घेते. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जे माफ झाली. २००८ च्या अर्थसंकल्पात साठ हजार कोटींच्या कर्जमाफीची आणि सवलतीची घोषणा झाली. त्या वर्षी शाखेच्या फलकावर लाभार्थींच्या याद्या लागल्या, तेव्हा यादीपुढे उभी राहिलेली माणसे मला आठवतात. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्याला पूर्ण माफी. त्याहून चार गुंठे जास्त असतील तर पाऊण रक्कम आधी भरा, मग पाव रकमेची सूट. ज्याने सावकाराकडून घेतले होते, त्याचे नाव यादीत नव्हतेच. सरकारचा नाइलाज असतो. कुठेतरी रेघ मारावीच लागते. आणि जे माफ झाले तेही नाहीसे झाले नाही, ते सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्हीआम्ही भरले. बँकेच्या भाषेत ‘निर्लेखन’ म्हणून एक प्रकार असतो. वर्तमानपत्रात त्याचे ‘कर्ज माफ’ असे मथळे होतात. प्रत्यक्षात बँक ताळेबंदातून ती रक्कम काढून तोटा सोसते आणि वसुली मात्र चालूच ठेवते. सांगायचे ते इतकेच, की सुटका कोणाचीही होवो, तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

दामाजीपंतांच्या कथेचे मर्म हेच आहे. मंगळवेढ्याचा हा अधिकारी. दुष्काळात लोक मरताना पाहून त्याने बेदरच्या पातशहाची धान्याची कोठारे उघडली. अधिकाराच्या मर्यादेबाहेर जाऊन केलेले हे काम. कोणत्याही खात्यात याची चौकशी झाली असती आणि कोणत्याही चौकशीत तो दोषी ठरला असता. बेदरला त्याला धरून नेत असताना विठू महार नावाचा एक माणूस दरबारात हजर झाला, त्याने धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने ही कथा घरोघर नेली. ती इतिहास आहे की आख्यायिका, हा वाद अभ्यासकांचा. मला तिच्यातली दोन कलमे महत्त्वाची वाटतात. एक, देवाने पातशहाचे मन पालटवून धान्य माफ करवले नाही. त्याने पैसे भरले आणि पावती घेतली. दुसरे, तो आला तो महाराच्या वेषात.

हे दुसरे कलम लोकमानसाने फार विचार करून घातलेले असावे. कारण ते मंगळवेढेच आहे, जिथे चोखोबा राहिले आणि जिथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. वेठीला धरलेल्या मजुरांतला तो एक मजूर होता. देवावर भार टाकून जगणारा त्याच्याइतका भक्त शोधून सापडणार नाही, आणि त्याच देवाच्या देवळाचे दार त्याला बंद होते. त्याची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे; आत नाही. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना १ मे पासून दहा दिवस उपवास करावा लागला. मध्ये सहाशेहून अधिक वर्षे गेली. ही सहाशे वर्षे देवाची कृपा कमी पडली, असे कोणी म्हणेल काय? कृपा होती, कुलूप आपले होते. माणसाच्या वाट्याला येणाऱ्या अनेक दुःखांचा हिशेब आपण परस्पर देवाच्या नावे टाकतो. त्यातली निम्मी तरी कलमे तपासून पाहिली, तर सही माणसाची निघते.

उरलेल्या निम्म्यांचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतीची गावे कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. ज्याने देवाला निरोप देऊन अंथरुणाला पाठ टेकली, त्याच्यावरच छत यावे, यात कोणती कृपा? जे वाचले त्यांच्यावर कृपा झाली असे म्हणावे, तर जे गेले त्यांच्यावर अवकृपा झाली असे म्हणावे लागते. आणि असे म्हणणाऱ्याची जीभ त्या गावांतल्या कुठल्याही आईसमोर उचलणार नाही. कृपा म्हणजे सज्जनांना मिळणारे विमा-संरक्षण, ही समजूत किल्लारीच्या ढिगाऱ्याखाली मेली असे मी मानतो, आणि ती मेली हे बरेच झाले. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाने निदान एवढे तरी कबूल करावे, की पाऊस, भूकंप आणि कर्करोग हे कोणाच्या पुण्याईची चौकशी करून येत नाहीत.

मग दुबळ्याने देवावर विसंबायचे ते कशासाठी? इतिहासाचार्य राजवाड्यांपासून हा आक्षेप चालत आला आहे, की संतांच्या या शिकवणीने समाज निष्क्रिय झाला, टाळ कुटत बसला. न्यायमूर्ती रानड्यांनी उलट बाजू मांडली; संतांनी मराठी समाजाला उभे राहण्याचे बळ दिले, असे त्यांचे म्हणणे. दोघेही मोठे. त्यांच्या वादात निवाडा करण्याची माझी योग्यता नाही. पण ग्रामीण शाखांच्या टेबलामागे बसून जे दिसले ते सांगतो.

कर्ज थकले की माणूस आधी पैसे बुडवत नाही. तो आधी तोंड चुकवतो. शाखेकडे फिरकत नाही. बाजारात आपण दिसलो की रस्त्याच्या पलीकडे जातो. सोयऱ्यांच्या लग्नाला जाणे बंद करतो. घरातल्यांनाही आकडा सांगत नाही. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे : त्याची पत गेली. पत हा शब्द आमच्या धंद्याचा, पण तो माणसाच्या सगळ्या जगण्याला चिकटला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या घरांतून कर्त्या पुरुषाने स्वतःला संपवले, त्यांतल्या काही घरांत मला जावे लागले. कारणे अनेक असतात, एका माणसाने सांगावीत इतकी सोपी नसतात. कापसाचा भाव, बोंडअळी, आटलेली विहीर, सावकार, आणि हो, बँकही. पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली : ‘आम्हाला काही बोललेच नाहीत हो.’ माणूस संकटाने खचतो हे खरे. पण संकट लपवण्याच्या ओझ्याने तो लवकर खचतो. ‘माझ्याने होत नाही’ हे चार माणसांत म्हणता आले असते, तर काहीजण वाचले असते असे मला वाटते.

कृपेवर विसंबणे याचा मला समजलेला अर्थ येथून सुरू होतो. ‘माझ्याने होत नाही’ हे म्हणण्याची जागा असणे, आणि ते म्हटल्याने आपली किंमत कमी होत नाही अशी खात्री असणे. बाजारात पत लागते. वारीत कोणी पत विचारत नाही. तिथे एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. सात-बारा कोणाच्या नावे किती, हे पाहून कोणी वाकत नाही. ज्याचे सगळे गेले आहे तोही कोणाच्या तरी नमस्काराला पात्र ठरतो. ही छोटी गोष्ट नव्हे. तुकारामांचे मोठेपण असे, की त्यांनी आपले दिवाळे लपवले नाही. चारचौघांत गाऊन सांगितले. ज्या गावात पत गेली त्याच गावात, त्याच लोकांसमोर. आणि त्यानंतर ते हात जोडून बसले नाहीत. घराण्यातले मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी डागडुजी करून उभे केले. ज्याचा धंदा बुडाला आहे, तो माणूस स्वतः माती कालवून भिंत बांधतो आहे. याला निष्क्रियता म्हणायचे असेल, तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

मात्र या सगळ्यात एक पथ्य आहे, आणि ते पाळले नाही तर औषधाचे विष होते. पुढे एका अभंगात तुकारामांनी आपले दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, हे बरेच झाले, कारण त्यामुळे आपण देवाकडे वळलो, असे म्हटले आहे. हे वाक्य ज्याचे घर जळाले त्यानेच उच्चारायचे असते. शेजाऱ्याने उच्चारले तर ते निर्दयपणाचे होते. आपल्याकडे नेमके हेच फार होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात, तेराव्याच्या पंगतीत, पंचनाम्याच्या वेळी, पोट भरलेली माणसे पोट रिकामे असलेल्यांना सांगतात, ‘देव परीक्षा पाहतो आहे. श्रद्धा ठेवा, सगळे नीट होईल.’ सांगून घरी जातात. कोठारांच्या किल्ल्या कमरेला लावून दामाजीपंत लोकांना ‘पांडुरंग देईल’ असे सांगत फिरले असते, तर त्यांची कथा कोणी सांगितली नसती. ‘देव आहे’ हे भुकेल्याने म्हटले तर ती श्रद्धा. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याने म्हटले तर ती पळवाट.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे पथ्य बऱ्यापैकी पाळले. आमची पिढी तेव्हा शाळेत होती. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या, सुकडीची पाकिटे, रेशनवरची ती लाल मिलो, हे सगळे आम्ही पाहिले. सलग पाऊस हुकूनही १६३० सारखी माणसे रस्तोरस्ती मेली नाहीत, कारण मागेल त्याला काम देण्याची कल्पना राज्याने हाती घेतली होती. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या त्या योजनेचा १९७७ साली कायदा झाला. त्यात गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटी नावे लागली, सगळे खरे. तरीही मागणाऱ्याची पत न विचारता त्याला काम द्यायचे, हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले. त्या कामांवरच्या कितीतरी बायका संध्याकाळी ठिय्यावर बसून हरिपाठ म्हणत. त्यांना यात काही विसंगती वाटत नव्हती. सकाळी घण, संध्याकाळी टाळ.

तुकारामांच्या कथेत एक माणूस नेहमी खालच्या आवाजात सांगितला जातो. त्यांची दुसरी पत्नी जिजाई. कीर्तनकारांनी तिला कजाग ठरवून अनेक पिढ्या श्रोत्यांना हसवले. तिचा गुन्हा इतकाच, की तिला चूल पेटवायची होती आणि पोरांना वाढायचे होते. नवऱ्याने कर्जखते बुडवली, त्याची किंमत तिच्या डब्यातल्या पिठाने मोजली. सुटकेची किंमत कोणीतरी मोजतेच, असे वर म्हटले ते हेच. ती विठ्ठलाला तोंडावर बोल लावी आणि तरीही भाकरी बांधून, नवऱ्याला शोधत, भंडाऱ्याचा डोंगर चढे. लोककथा सांगते, की वाटेत तिच्या पायात काटा मोडला, तेव्हा तो काढायला विठ्ठल स्वतः आला. नामस्मरण न करणाऱ्या, उलट त्यालाच शिव्या घालणाऱ्या बाईचा पाय त्याने मांडीवर घेतला. तिने कोणता नवस केला होता? कोणते तारण दिले होते?

ज्या समाजाने ही कथा जपली, त्याला कृपेचा अर्थ मुळीच कळला नव्हता असे म्हणता येणार नाही. आपल्या ओळखीत आज कोणीतरी असा आहे, जो रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला आहे. त्याला श्रद्धा ठेवायला सांगण्याची घाई नको. ती त्याच्यापाशी आपल्याहून जास्त असण्याचा संभव आहे. रस्ता आपण ओलांडावा, आकडा विचारावा, आणि जाताना बरोबर भाकरी असावी.